सव्वापाचची ओहोटी

पिपने फोनवर आलेल्या तीन वेळा एकेक करून वाचल्या, आणि हेझलने धारेच्या यंत्राचे कप गाईच्या सडांना लावता लावता प्रत्येक वेळेला मान हलवली. शुक्रवारी पावणेचार, नाही. शनिवारी साडेचार, नाही. रविवारी सव्वापाच.

“तीही नाहीच,” पिपच म्हणाली. “साडेतीन ते सहा तू इथं असतेस हे त्यांना पाठ झालंय.”

पिप शाळेची बस चालवायची आणि मुलं घरोघर सोडून झाली की बस तशीच घेऊन हेझलच्या गोठ्यावर यायची. तिचं वय एकतीस, हेझलचं चौपन्न. दोघी मिळून गॅनेट बेच्या शिडीवर दुसऱ्या पायरीला होत्या आणि गेले तीन उन्हाळे तिथंच अडकून पडल्या होत्या.

शिडी म्हणजे गावातल्या बायकांची बीच व्हॉलीबॉलची स्पर्धा. ना चषक, ना बक्षीस. किनाऱ्यावरच्या बोटींच्या शेडमध्ये भिंतीला एक फळा आहे, त्यावर एकाखाली एक चौदा खिळे आणि खिळ्यांना टांगलेल्या चौदा जोड्यांच्या पत्र्याच्या पाट्या. खालच्या जोडीने आपल्या लगेच वरच्या जोडीला आव्हान द्यायचं. वरच्या जोडीने सात दिवसांच्या आत तीन वेळा लिहून द्यायच्या, खालच्यांनी त्यातली एक घ्यायची, आणि खालच्या जिंकल्या तर पाट्यांची अदलाबदल. इतकं सोपं. पण गॅनेट बेला वाळू फक्त ओहोटीला दिसते. वरचा सगळा किनारा गोट्यांचा, त्यावर खेळायला गेलं तर घोटे शाबूत राहायचे नाहीत. त्यामुळे वेळ द्यायची ती ओहोटी बघून, आणि ओहोटी रोज पाऊण तासाने पुढं सरकते.

पहिल्या पायरीवरच्या टॅम्सिनने या सरकण्याचा पुरेपूर फायदा घेतला होता. हेझलचं आव्हान आलं की ती आधी समुद्राचा तक्ता बघायची. ओहोटी भर दुपारी असेल तर गप्प बसायची. सरकत सरकत ती धारेच्या वेळेवर येऊन टेकली की मग सातव्या दिवशी तीन वेळा लिहून द्यायची, तिन्ही धारेच्या. सगळं नियमात. हेझलच्या एकशे दहा गाई होत्या आणि एक नवरा, तोही कंबरेचं ऑपरेशन झालेला. बदली माणूस मिळवायचा तर नाकी नऊ यायचे, आणि शनिवार-रविवारी तर तो मिळायचाच नाही. तेव्हा हेझल दर वेळी ‘जमत नाही’ असं लिहून द्यायची आणि आव्हान बाद व्हायचं. टॅम्सिन फिजिओथेरपिस्ट होती. हेझलचा गुडघा तिनेच बरा केला होता, त्यामुळे तिच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

एका उन्हाळ्यात दोनदाच वरच्या पायरीला आव्हान देता येतं. तीन उन्हाळ्यांत हे सहावं. आणि लागोपाठ सहा आव्हानं सामना न होता बाद झाली, तर ती जोडी सरळ चौदाव्या खिळ्यावर जाते. हा नियम पूर्वी कुणीतरी आळशी जोड्यांसाठी केला होता. तळातून पुन्हा एकेक पायरी चढत यायला हेझलला मागच्या वेळी सात वर्षं लागली होती. दुकानात, पेट्रोल पंपावर, सगळीकडे लोक तिला आताच विचारायला लागले होते की चौदाव्या खिळ्यावरून समुद्र कसा दिसतो. हेझल हसायची आणि गाडीत बसल्यावर स्टिअरिंग घट्ट धरून थोडा वेळ तशीच थांबायची. तिला वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं. हरून खाली गेली असती तर ती काही बोलली नसती. एकदाही न खेळता जायचं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

“काय कळवू?” पिपने विचारलं. “उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय.”

हेझलचं तिकडे लक्ष नव्हतं. ती गोठ्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. त्यात साडेतीन वाजले होते. पिपच्या फोनवर साडेचार. उन्हाळा आला की सरकार सगळ्यांची घड्याळं एक तास पुढं करतं आणि उन्हाळा संपला की मागं घेतं. गाईंना हे कुणी सांगत नाही. त्या आपल्या जुन्या वेळेलाच फाटकाशी येऊन उभ्या राहतात आणि हंबरून गाव गोळा करतात. म्हणून गोठ्यातलं घड्याळ हेझलने कधी हलवलंच नव्हतं. धार अडीचला सुरू, पाचला खलास. गावाच्या घड्याळात उन्हाळाभर साडेतीन ते सहा.

तिने हात एप्रनला पुसले. पुन्हा एकदा पुसले. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

“पिप, या रविवारी पहाटे घड्याळं मागं जातात.”

“जाऊ देत. मला एक तास जास्त झोप.”

“अगं, ऐक तरी. रविवारपासून गावाचं घड्याळ आणि हे घड्याळ एकच. मी पाचला मोकळी. त्यांनी सव्वापाच दिलेत.”

पिपने आधी घड्याळाकडे पाहिलं, नंतर फोनकडे. मग तिने जवळच्या गाईच्या पाठीवर अशी थाप मारली की गाय दचकून लाथ झाडायला लागली.

“त्यांनी सवयीने तास मिळवला,” पिप म्हणाली. “समुद्राचा तक्ता वर्षभर जुन्याच वेळेचा असतो. सहा महिने त्यात एक मिळवायची सवय लागली, आणि रविवारीही मिळवला!”

“हळू बोल. भिंतींनाही कान असतात.”

“इथं फक्त गाई आहेत.”

“त्या टॅम्सिनच्या बाजूच्या आहेत,” हेझल म्हणाली. “इतकी वर्षं कुणाच्या सोयीने चालतायत बघ ना.”

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, हेझल बोटींच्या शेडमध्ये गेली. शिडीचा सगळा कारभार नेव्हिलकडे. तो शाळेचा निवृत्त शिपाई, वय शहात्तर, आणि नियमांच्या बाबतीत शाळेच्या घंटेइतकाच पक्का. त्याने आव्हानाचा कागद पुढं केला. हेझलने तिसऱ्या वेळेभोवती गोल केला आणि खाली सही ठोकली.

“रविवार?” नेव्हिलने विचारलं.

“रविवार.”

त्याने भिंतीवरच्या समुद्राच्या तक्त्याकडे पाहिलं. तक्त्याच्या डोक्यावर त्याच्याच हाताने पेन्सिलीने लिहिलेलं होतं, एक तास मिळवा. त्याने घसा खाकरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मग पेन्सिल कानावर ठेवली.

“सही झाली की वेळ बदलत नाही, ठाऊक आहे ना?”

“तेवढ्यासाठीच तर आलेय मी,” हेझल म्हणाली आणि शीळ घालत बाहेर पडली. नेव्हिलने कुठल्याच बाजूला सल्ला द्यायचा नाही, असाही एक नियम होता. तिने त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी अडीचला गाई नेहमीसारख्या फाटकाशी आल्या आणि पाचला दहा मिनिटं कमी असताना शेवटची गाय बाहेर गेली. हेझलने गमबूट तिथंच सोडले, तोंडावर पाणी मारलं आणि मागे जाळी, खांब आणि दोऱ्या टाकलेली गाडी उतारावरून खाली सोडली. जाळी लावायचं काम आव्हान देणाऱ्यांचं, आवरायचं काम हरणाऱ्यांचं. पिप आधीच पोचली होती. गोट्यांवर तीस-चाळीस माणसं बसली होती, कुणी थर्मास घेऊन, कुणी कागदातले तळलेले मासे खात. हेझल सामन्याला आली तर कशी येते हे बघायलाच अर्धी आलेली होती.

टॅम्सिन आणि ग्रीअर बरोबर सव्वापाचला किनाऱ्यावर उतरल्या. टॅम्सिनच्या हातात कॉफीचा पेला होता. तिला आज खेळावं लागेल असं वाटलंच नव्हतं. हजेरी लावायची, हेझल येत नाही याची वाट बघायची आणि घरी जायचं, एवढाच तिचा बेत होता. जाळी ताणत असलेली हेझल दिसल्यावर ती जागच्या जागी थांबली.

“गाई?” तिने विचारलं.

“झाल्या,” हेझल म्हणाली.

टॅम्सिनने फोन काढला, त्याकडे पाहिलं, बोटांवर मोजलं आणि पुन्हा फोनकडे पाहिलं. तिच्यामागे ग्रीअर उभी होती. ग्रीअर हायस्कुलात खेळ शिकवायची, गावातली सगळ्यात उंच बाई आणि सगळ्यात कमी बोलणारी. तिला आधी कळलं. तिने तोंडावर हात धरला, पण हसू काही दाबता आलं नाही.

“तास मिळवलास ना?” तिने टॅम्सिनला विचारलं.

गोट्यांवरून खसखस पिकली. हेझलचा ऊर भरून आला. तीन वर्षांत पहिल्यांदा चौघीजणी एका जाळीच्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. आता काय होईल ते होवो, असं तिला मनापासून वाटलं, आणि नेमकं त्याच क्षणी तिच्या पायाला गार पाणी लागलं.

तिने खाली पाहिलं. ओहोटीची वाळू असायला हवी होती तिथं फेस पसरत होता.

“नेव्हिल,” ती म्हणाली, “ओहोटी किती वाजता?”

“सव्वाचारला होती,” नेव्हिल म्हणाला. “तासभर झाला उलटून.”

हेझलने कपाळाला हात लावला. गाईंचा तास तिने बरोबर धरला होता आणि समुद्राचा विसरली होती. गाई आणि समुद्र एकाच घड्याळावर चालतात हे जन्मभर माहीत असलेली बाई ती, आणि आनंदाच्या भरात तक्ता बघायचंच राहून गेलं होतं. नेव्हिल बुधवारी घसा का खाकरत होता ते तिला आता कळलं.

नेव्हिलने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नियम सांगितला. डाव एकच, अठ्ठावीस गुणांचा, आधी पोचेल ती जोडी जिंकली. दोन्ही जोड्यांचे मिळून दर सात गुण झाले की बाजू बदलायच्या. मैदानाची समुद्राकडची सीमा म्हणजे वाळूवर अंथरलेली निळी दोरी. प्रत्येक सर्व्हिसच्या आधी समुद्राकडच्या बाजूने खेळणाऱ्या जोडीने ती बघायची. दोरी वाळूवर आहे तोवर खेळ चालू. पाण्याने उचलली, तरंगायला लागली, की सामना रद्द.

“रद्द म्हणजे बादच ना?” पिपने विचारलं.

“बादच.”

म्हणजे सहावं. हेझलने पिपकडे पाहिलं आणि पिपने केस घट्ट बांधले. समोरच्या दोघींशी खेळायचं होतं आणि पाण्याशीही, आणि पाणी कुणाला वेळ देत नाही.

सुरुवातीला समुद्राकडची बाजू हेझलच्या वाट्याला आली. तिची पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसऱ्या वेळी चेंडू हातातून निसटला. पिप नुसती तिच्या खांद्याला खांदा लावून गेली. मग हळूहळू हेझलचे हात चालायला लागले. तीस वर्षं पहाटे आणि दुपारी गाईंच्या पायांत वाकलेली बाई ती. तिचे दंड दोरखंडासारखे होते आणि चेंडू कितीही जोराने आला तरी त्यांच्यावर येऊन मऊ व्हायचा. ती उडी मारत नसे. जाळीजवळ आलेला चेंडू ती बोटांच्या मागच्या बाजूने हलकेच पलीकडे टाकायची, बरोबर जिथं कुणी नाही तिथं. टॅम्सिन उंच उडायची आणि जोरात मारायची. ग्रीअर सगळं उचलायची. चार-तीन, सहा-आठ, नऊ-बारा. हेझलची जोडी मागं पडत गेली, पण लांब पडली नाही.

पाणी मात्र थांबत नव्हतं. मैदानाचा मागचा भाग आता भिजून घट्ट झाला होता. जी जोडी समुद्राकडे असेल तिचे पाय अधूनमधून फेसात जायचे. टॅम्सिनच्या हे उशिरा लक्षात आलं, पण लक्षात आलं तेव्हा तिने त्याचाही वापर सुरू केला. सर्व्हिसच्या आधी चष्मा पुसायचा. टोपी नीट करायची. पायात नसलेल्या बुटांतली वाळू झटकायची. गोट्यांवरून कुणीतरी ओरडलं की बाई, तेवढ्यात नखंही रंगवून घ्या. टॅम्सिनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नियमात बसतं ते सगळं करायचं, अशी तिची रीत होती.

“टॅम, चल,” ग्रीअर म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात धार होती.

सतरा-अठरावर पिपने टॅम्सिनचा एक जबरदस्त फटका छातीवर घेतला, पाठीवर पडली आणि पडल्या पडल्या ओरडली, “हेझल, टाक!” हेझलने टाकला. अठरा-अठरा. गोट्यांवरची माणसं हळूहळू उभी राहायला लागली होती. तळलेल्या माशांचे कागद वाऱ्याने उडत होते आणि त्यांच्यामागे कुणी धावत नव्हतं. एकवीस-एकवीस झाले तेव्हा बाजू बदलल्या आणि हेझल पुन्हा समुद्राकडे आली.

आता दोरी बघायचं काम तिचं. दर सर्व्हिसला ती मागं वळायची. दोरी होती, वाळूत अर्धी रुतलेली. लाट यायची, तिच्यावरून जायची आणि परत फिरताना दोरी तशीच खाली राहायची. आणि प्रत्येक वेळी हेझल खरं तेच सांगायची, “खाली.” सूर्य पश्चिमेच्या कड्यावर टेकला होता आणि पाणी इतकं चमकत होतं की गोट्यांवरून कुणाला काही दिसत नव्हतं.

तिला धाप लागली होती. मांड्या भरून आल्या होत्या. पण एवढं सुख तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. समोरची जोडी खरोखर चांगली होती, ती चांगली आहे हे हातांना कळत होतं, आणि तरीही गुण येत होते. पंचवीस-चोवीसवर पुन्हा बाजू बदलल्या. हेझल आणि पिप आता गोट्यांकडे, टॅम्सिन आणि ग्रीअर समुद्राकडे. जाळीखालून जाताना ग्रीअर आणि हेझलची नजरानजर झाली. ग्रीअरचा चेहरा लाल झाला होता आणि ती लहान मुलीसारखी हसत होती.

सव्वीस-चोवीस. मग टॅम्सिनचा एक फटका पिपच्या हातावरून थेट थर्मासवर गेला, सव्वीस-पंचवीस. मग हेझलने चेंडू जाळीच्या कडेवरून असा टाकला की तो पलीकडे घरंगळत उतरला. सत्तावीस-पंचवीस.

“विश्रांती,” टॅम्सिन म्हणाली.

प्रत्येक जोडीला एका डावात एक मिनिट विश्रांती घेता येते. तिने ती आतापर्यंत जपून ठेवली होती. ती जाळीशी आली, बाटली उघडली आणि एकेक घोट घेत समुद्राकडे पाठ करून उभी राहिली. पिपच्या तोंडून एक असा शब्द निघाला की बसमधल्या मुलांसमोर तो उच्चारला असता तर नोकरी गेली असती. नेव्हिल घड्याळाकडे बघत सेकंद मोजत होता. हेझल सर्व्हिसच्या जागी, मागच्या रेषेवर, हातात चेंडू धरून उभी होती. ती समोर बघत होती. एक मोठी लाट आली, मागे गेली. दुसरी आली ती मागे गेलीच नाही, नुसती पसरली.

“मिनिट झालं,” नेव्हिल ओरडला. “ग्रीअर, दोरी?”

ग्रीअर मागच्या रेषेवर उभी होती, घोट्याएवढ्या पाण्यात. तिने खाली पाहिलं. तिने टाच जरा खोल रोवली.

“खाली आहे,” ती म्हणाली.

हेझलला तेवढ्या अंतरावरून सगळं दिसलं. ग्रीअरच्या उजव्या बाजूला दोरी पाण्यावर आली होती. डाव्या बाजूलाही आली होती. मधे मात्र ती तिरकी होत खाली गेली होती, थेट ग्रीअरच्या टाचेखाली.

टॅम्सिनने बाटली गोट्यांवर फेकली आणि ती आपल्या जागी आली, जाळीकडे तोंड करून. तिला मागचं काही दिसत नव्हतं. हेझलने चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. दोरीबद्दल बोलायचं ते समुद्राकडच्या जोडीने, असा नियम होता. ती ग्रीअरकडे बघत राहिली आणि ग्रीअर तिच्याकडे.

“टाक ना गं,” ग्रीअर म्हणाली. “पाय गारठले माझे.”

हेझलने टाकला. सर्व्हिस चांगली होती, खोल आणि कोपऱ्यातली, आणि ती उचलायला ग्रीअर अशी झेपावली की पाणी दोन्ही बाजूंना उडालं. तिने जराही हातचं राखलं नाही. तिने उचललेला चेंडू टॅम्सिनने जाळीशी चढवला, ग्रीअर धावत पुढं आली आणि तिने जीव खाऊन मारला. पिपने तो कसा उचलला हे पिपलाही नंतर सांगता आलं नाही. चेंडू वर गेला, वाऱ्याने गोट्यांकडे ढकलला. हेझल मागं पळाली, वळून दोन्ही हातांनी तो परत जाळीपलीकडे घातला. टॅम्सिनने पुन्हा मारला, हेझलने पुन्हा उचलला. गोट्यांवर कुणी श्वास घेत नव्हतं. मग पिपने चेंडू अगदी हेझलच्या डोक्यावर आणून ठेवला. सगळ्यांना वाटलं ती नेहमीसारखा जाळीशी अलगद टाकेल. टॅम्सिन पुढं धावली, ग्रीअरही दोन पावलं पुढं आली. हेझलने हात मागं घेतला आणि चेंडू दोघींच्या डोक्यांवरून लांब मारला. तो मैदानाच्या बरोबर मध्यातून मागं गेला, पाण्यात धप्पकन पडला आणि तिथंच तरंगत राहिला. सीमा आणखी दोन हात पुढं होती.

हेझल ओरडली. काय ओरडली ते शब्दांत सांगता येणार नाही, पण तिच्या नवऱ्याने ते वर टेकडीवर घराच्या ओट्यावर बसून ऐकलं आणि कंबर विसरून उभा राहिला. पिप तिच्या पाठीवर चढली. दोघी पाण्यात पडल्या. वरच्या रस्त्यावर लावलेल्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागले, एक थांबला की दुसरा.

टॅम्सिन चेंडू आणायला वळली आणि तिला दोरी दिसली. आता ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्यावर हलत होती.

“नेव्हिल,” ती म्हणाली, “दोरी वर आहे. सामना रद्द.”

भोंगे थांबले. नेव्हिल बूट न काढताच पाण्यात उतरला आणि डोळ्यांवर हात धरून बघायला लागला.

“आत्ता वर आहे,” तो म्हणाला. “सर्व्हिसच्या वेळी?”

“सर्व्हिसच्या वेळी खाली होती,” ग्रीअर म्हणाली. “मीच बघत होते.”

टॅम्सिनने तिच्याकडे वळून पाहिलं. मग तिने चेंडू उचलला, चालत हेझलपाशी आली आणि तो तिच्या हातात दिला.

“तास,” ती म्हणाली. “एवढा एक तास.” आणि तिलाही हसू आलं.

नेव्हिल पाट्या बदलायला शेडकडे निघाला. त्याच्यामागून निम्मं गाव आणि सगळ्यात पुढं पिप. टॅम्सिन जाळी सोडवत होती. समुद्राकडची दोरी गुंडाळायला ग्रीअर गुडघाभर पाण्यात गेली, तेव्हा हेझलने दोरीचं दुसरं टोक धरलं. हे हरणाऱ्यांचं काम, असं ग्रीअरने तिला सांगितलं. हेझलने टोक सोडलं नाही.

“खाली होती म्हणे,” हेझल म्हणाली.

“होतीच की. पायाखाली.”

दोघी दोरी गुंडाळत राहिल्या. पाण्यामुळे ती जड झाली होती.

“पहिली जोडी मेलबर्नला राहायला गेली आणि आम्ही नुसत्या वर सरकलो,” ग्रीअर म्हणाली. “तीन वर्षं पहिली आहे मी. शाळेतल्या पोरी विचारतात, मिस, कुणाला हरवलंत? मला एक नाव सांगता येत नाही. आता निदान कुणाकडून हरले ते तरी सांगता येईल.”

हेझलने दोरीचा शेवटचा वेढा ओढून घट्ट केला.

“मग नीट सांग,” ती म्हणाली. “हेझल टेरंट आणि पिप डन्स्टन. अठ्ठावीस-पंचवीस.”